मले तं काई दिसलं नाई

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, कारण यात तिच्या बहिणीचा नवरा आहे. मित्रांजवळ नाही, कारण ते त्या दिवशी तिथंच होते. देवाजवळ बोलायचा प्रश्न नव्हता — आमचं फारसं बोलणं नाही. उरलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, ही मोठी सोय आहे. आणि तरी मी तुमच्याशी जुन्या मित्राशी बोलावं तसं बोलणार आहे, तेवढं चालवून घ्या. मात्र मधेच मान डोलावू नका. समजून घेणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे.

गोष्ट एका पक्ष्याची आहे. म्हणजे — पक्ष्याची नाहीच. पण तिथून सुरुवात केली की जरा सोपं जातं.

आधी माझं सांगतो. अमरावतीच्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिराती माझ्या हाताखालून गेल्या आहेत. 'कार्यसम्राट' या शब्दाचा रफार नीट बसला की नाही एवढंच आम्ही पाहायचं. सम्राट बसतो की नाही, ते पाहायचं नाही. असं वर्षानुवर्षं केलं की माणसाला एक खोड लागते. कोणी मोठ्यानं काही बोललं की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

गावात, नात्यात माझी ख्याती अशी की हा माणूस खोटं बोलत नाही. खरं पाहता मी फक्त 'नाही' म्हणायचो. कथेकरी बुवा चांगला आहे का? नाही. जावई शोभतो का? नाही. नवं नाटक? नाही. लोकांना खरं बोलणं आणि नाही म्हणणं यातला फरक कळत नाही. जो कशालाच हो म्हणत नाही त्याच्या नकाराला वजन चढत जातं — हे मला फार लवकर कळलं होतं, आणि ते मला आवडत होतं.

आता दिगांबर.

दिगांबर माझा साडू. आमच्या वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. ज्या नात्यात हमखास वैर, त्याच्या शेपटीला 'भाऊ' बांधून द्यायचा — पूर्वजांची विनोदबुद्धी, दुसरं काय? माझी बायको सुनंदा थोरली, मंगला धाकटी. मंगलाला हा मिळाला. अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात घर, पाटबंधारे खात्यात अधिकारी. तोंडावर मी त्याला 'दिगांबरराव, तुम्ही' म्हणतो. तो मला 'भाऊसाहेब' म्हणतो. इथं मी त्याला एकेरीच लिहिणार आहे, कारण मनात तो पहिल्या दिवसापासून एकेरीच आहे.

त्याचं बोलणं तुम्ही ऐकायला हवं होतं. खात्यानं त्याला निवृत्त केलं, पण खात्याची भाषा त्यानं परत केली नाही. जेवताना पोळी वाढू का विचारलं तर म्हणायचा, "सध्या आवश्यकता भासत नाही." मुलीच्या लग्नात व्याह्यांना म्हणाला, "आपले आगमन झाल्याने सदर सोहळ्यास शोभा प्राप्त झालेली आहे." व्याही मोर्शीकडचे, संत्र्याच्या बागा असलेले साधे लोक, ते घाबरून बायकोला विचारायला लागले की आपलं काही चुकलं का.

निवृत्तीनंतर या माणसाला पक्ष्यांचा नाद लागला. नाद म्हणजे आधी टोपी आली. मग झाडपाल्याच्या रंगाचं, अंगभर खिसे असलेलं जाकीट आलं. मग हातभर लांबीचा कॅमेरा. शेवटी पक्षी. अकोला-अमरावतीतले दहाबारा हौशी लोक जमवून त्यानं पक्षिमित्रांचं मंडळ काढलं, स्वतः अध्यक्ष झाला, आणि मंडळाला पहिला पक्षी दिसण्याआधी मंडळाचं लेटरहेड छापून आलं. लेटरहेडवर 'पक्षिमित्र'मधला 'क्षि' दीर्घ होता. मी त्याच क्षणी सभासद झालो.

थट्टा करत नाही. पक्षी मला आवडायचे. लहानपणापासून आवडायचे, कोणाला न सांगता. पण मंडळात मी पक्ष्यांसाठी गेलो नव्हतो. मी दिगांबरला पाहायला गेलो होतो. शिकाऱ्यासारखा. त्याचं काय चुकतं, कधी चुकतं — आणि तो मला निराश करायचा नाही. दर आठवड्याला त्याला काहीतरी दुर्मीळ 'दृष्टिपथात' यायचं. ते नेहमी तो एकटा असताना यायचं. शेवटी एकदा त्यानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका देखण्या गरुडाचा फोटो टाकला, 'आज प्रातःकाळी, धरणाचे पाणलोट क्षेत्रात'. फोटोत मागे बर्फ होता. अकोल्यात बर्फ! इतकी चूक करायला सुद्धा एक आत्मविश्वास लागतो. मी ग्रुपवर फक्त एक ओळ लिहिली : 'साहेब, काल रात्री अकोल्यात बर्फ पडल्याचं आमच्या पेपरला कळवलं नाहीत?'

त्यानंतर तीन दिवस ग्रुपवर हसण्याच्या पिवळ्या बाहुल्या नाचत होत्या. दिगांबरनं मंडळाच्या बैठकीत अध्यक्षपद सोडलं. सोडताना अर्थातच भाषण केलं. म्हणाला की चूक झाली, कोणाचा तरी फोटो आपला म्हणून टाकला, लोभ झाला. हे वाक्य तो साध्या मराठीत बोलला, हे माझ्या ध्यानात आलं, पण लगेच त्यानं प्रतिज्ञाही केली — "ज्या दिवशी निर्विवादपणे दुर्मीळ पक्षी सिद्ध करीन, त्याच दिवशी मंडळापुढे तोंड उघडीन." आणि मला ती प्रतिज्ञाच तेवढी ऐकू आली.

याच बैठकीत मी एक नियम सुचवला. नियम माझा, हे नीट लक्षात घ्या. कोणताही वेगळा पक्षी एकट्यानं पाहिला तर तो धरायचा नाही, जोड पाहिजे. दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी, त्याच जागी तो पाहिलेला असला पाहिजे. परतवाड्याचा बंडूभाऊ, लाकडाचा व्यापारी, लगेच म्हणाला, "बरोबर हाये. एका बैलावर वखर चालते का?" झालं, नियम पास. तेव्हापासून मंडळात रिवाज पडला : पक्षी पाहणाऱ्यानं हाक द्यायची, "जोड!", आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "जोडीले मी." नंतर कोणी वाद घालायचा नाही. जोड मिळाली की पक्षी खरा. नाही मिळाली की पक्षी नव्हताच.

किती सोपं आहे ना? सत्य ठरवायची इतकी स्वस्त पद्धत मी नंतर कुठं पाहिली नाही.

श्रावणात मंडळाची चिखलदऱ्याची दोन दिवसांची सहल ठरली. ऊन-धूळ सोसणाऱ्या आम्हा वऱ्हाडी लोकांना चिखलदरा म्हणजे आभाळात ठेवलेली एक खोली वाटते. निघायच्या आदल्या दिवशी मंगलाचा फोन आला. ती एरवी मला फोन करत नाही, बहिणीला करते.

"भाऊजी, यायच्याकडं जरा ध्यान ठेवजा. त्या फोटोपासून जेवणावर मन नाही त्यायचं. रातदिवस पुस्तकात डोकं घालून राहिले. पहाटे उठून नदीवर जातात, कोणाले सांगत नाहीत. ह्या टायमाले एक तरी खरा पक्षी दिसला पायजे त्याईले, भाऊजी. नाही तं माणूस खचून जाईन."

मी म्हणालो, ठेवतो लक्ष.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, पुढं मला आडोसा नको. त्या माणसाला काय हवं होतं, ते त्याच्यासाठी किती होतं, ते नाही मिळालं तर काय होईल — सगळं मला माहीत होतं. माझ्या हातून अजाणता काही घडलं, असं तुम्ही कृपा करून मनात आणू नका.

परतवाड्याहून जिपा घाट चढायला लागल्या तसे ढग आले. तिथं ढग खाली येत नाहीत, आपणच चढून त्यांच्यात शिरतो. वर पोचलो तेव्हा समोरच्या जिपेचा मागचा दिवाही दिसेना. झाडं न दिसता त्यांचं टपटपणं ऐकू येत होतं; पाऊस नव्हता, तरी पानापानातून पाणी गळत होतं. खोडांवर हाताच्या पंज्याएवढ्या जाडीचं हिरवं शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यात नेचे. खोलीत कपडे वाळत घातले तर सकाळी जास्त ओले. दरीच्या बाजूनं कस्तूर पक्षी शीळ घालत होता — सुरात नसलेल्या, पण मन लावून गाणाऱ्या माणसासारखी. सगळे जण आपोआप हळू बोलायला लागले. बंडूभाऊसुद्धा. मला ते सगळं फार सुंदर वाटलं आणि कोणाला तसं दिसू नये म्हणून मी चादरींबद्दल तक्रार केली.

दिगांबर पहिल्या दिवशी तोंड उघडून बोलला नाही. प्रतिज्ञा पाळत होता. कोणी विचारलं तर मान हलवायचा. पण माझ्या एक गोष्ट ध्यानात आली — धुक्यात कुठूनसा आवाज आला की इतर जण पुस्तकं उघडायचे आणि तो नुसता डोळे मिटायचा. ओठ हलायचे. पक्ष्याचं नाव घ्यायचा, मनातल्या मनात. आणि पुस्तकवाल्यांचं एकमत होईपर्यंत त्याचं बरोबर आलेलं असायचं. मला ते ओठांवरून कळायचं. मला ते मुळीच आवडलं नाही.

का आवडलं नाही? थांबा. येतो तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉफीच्या जुन्या बागेपलीकडच्या उतारावर गेलो. दरीच्या काठाला युवराज पक्षी गातोय म्हणून बाकीचे पुढं गेले. दिगांबर मागं राहिला, कारण त्या जाकिटात आणि कॅमेऱ्याच्या ओझ्यात त्याला चिखलातून चालता येत नव्हतं. मी त्याच्याबरोबर राहिलो, कारण मंगलाला शब्द दिला होता. पाहा, म्हणजे शब्द मी पाळतच होतो.

आम्ही दोघं उभे होतो. धुकं इतकं की दहा पावलांवर जग संपत होतं. मग वारा आला आणि पडदा सरकावा तसं एका बाजूचं धुकं सरकलं. समोर साग होता, एक फांदी वाळलेली. फांदीवर रानपिंगळा बसला होता.

साधा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. गावात पडक्या भिंतीवर, चिंचेच्या ढोलीत. डोक्यावर पांढरे ठिपके, दिवसाढवळ्या डोळे वटारून बघणारा. त्याच नावाचा एक माणूसही आमच्या गावांत पहाटे फिरायचा. हातात डमरूसारखं कुडमुडं, दारापुढं उभा राहून वर्षाचं भविष्य सांगणारा. रानपिंगळा वेगळा, शंभरेक वर्षं नामशेष समजला गेलेला. डोकं कोरं, ठिपके नाहीत म्हटलं तरी चालेल असे. छाती गच्च तपकिरी, पोट पांढरं शुभ्र. मेळघाटात तो आहे, पण खाली, उन्हातल्या सागाच्या जंगलात. इतक्या उंचावर, श्रावणातल्या ढगात तो बसलेला असेल असं कोणी म्हटलं तर मी हसलो असतो. मी हसलोच, पुढं येईल ते.

दिगांबरनं माझं मनगट धरलं. त्याचा हात थंडगार होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी आमच्या भाषेत बोलला, आणि पहिल्यांदाच अरेतुरेवर आला.

"पाय," तो कुजबुजला. "पाय, पाय... डोक्शावर ठिपके नाहीत त्याच्या. पाय ना बे."

आमच्याकडे 'पाहा'चं 'पाय' होतं. मी पाहत होतो. पक्ष्यानं मान फिरवून आमच्याकडे बघितलं, शेपटी इकडून तिकडं झटकली, पुन्हा झटकली. दिगांबरला कॅमेऱ्याचं भानसुद्धा नव्हतं. हातभर लांबीची ती नळी त्याच्या पोटावर लोंबत राहिली. मग धुकं आलं. धुकं पुन्हा विरळ झालं तेव्हा फांदी रिकामी होती.

तो ओरडला. दरीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "जोड! जोड द्या! रानपिंगळा!"

सगळे धावत आले. चिखल उडवत, धापा टाकत. रानपिंगळा? इथं? ह्या ढगात? दिगांबर हातवारे करून सांगत होता, छाती कशी होती, पोट कसं होतं. खात्याची भाषा पार गळून गेली होती. ते ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. स्वाभाविक आहे. तिथं दोनच माणसं होती. एक बर्फातल्या गरुडाचा मालक, आणि दुसरा खोटं न बोलणारा.

बंडूभाऊनं विचारलं, "का हो भाऊसाहेब, जोडीले तुमी का?"

आणि मी म्हणालो, "मले तं काई दिसलं नाई."

झालं. एवढंच. हेच ते. इतकं लिहायला मी कॉफीच्या बागेला, लेटरहेडला, व्याह्यांना वळसे घातले.

पण तुम्ही वऱ्हाडातले नसाल तर या वाक्यातली खरी हलकटगिरी तुमच्या हाती लागणार नाही, म्हणून ती उलगडून ठेवतो. मी असं बोलत नाही. चारचौघांत मी छापील बोलतो, मुद्रितशोधकाला शोभेल असं. 'मले' आणि 'तं' माझ्या तोंडी घरच्यांनाही क्वचितच ऐकायला येतं. आमच्याकडे अशी समजूत आहे की शुद्ध बोलणारा माणूस एकदम वऱ्हाडीवर आला तर ते पोटातून आलं. रागात, दुःखात, आजारात — तेव्हा 'मला'चं 'मले' होतं. त्या वाक्यात 'मला' असतं तर बंडूभाऊनं कदाचित पुन्हा विचारलं असतं. 'मले'वर कोणी विचारत नाही. मी ते ठरवून केलं का? हो. तेवढ्या वेळात? तेवढ्याच वेळात. शब्द निवडणं हाच माझा धंदा होता.

दिगांबर माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला वाटलं मी ऐकलं नाही नीट.

"तुमी तं माह्या बाजूलेच होते ना, भाऊसाहेब!"

मी म्हणालो, "होतो ना. धुकं होतं समोर."

नाश्त्याला गरम आलूबोंडे आले. बंडूभाऊनं एक तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, मंग काय सांगून राहिला पिंगळा? औंदा कपाशीले भाव हाये का नाही?" टेबल हादरलं इतके लोक हसले. दुसऱ्या कोणी चमच्यानं कपावर कुडमुडं वाजवलं. आणि मी? मी हसलो. सगळ्यांच्या थोडं नंतर हसलो, म्हणजे नाइलाजानं हसू आवरत नाही असं वाटावं. दिगांबरनं आपला आलूबोंडा बशीत ठेवला, तो जाकिटाच्या एकेक खिशाचं बटण लावत बसला. सगळ्या खिशांची बटणं लावून झाल्यावर उठला आणि जिपेत जाऊन बसला. सहल दुपारपर्यंत चालायची होती. तो जिपेतच होता.

कोणी म्हणेल, नंतर सांगता आलं असतं. आलं असतं. घाट उतरताना, परतवाड्याच्या स्टँडवर, अकोल्याला जाताना, पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी. जागा काय कमी होत्या? प्रत्येक दिवशी मी ते नव्यानं सांगितलं नाही.

तुम्ही मनात म्हणत असाल, साडूवरचा राग, दुसरं काय. मीही बरेच दिवस तेवढ्यावर भागवलं. फोटो चोरणारा माणूस, एकदा शिक्षा झाली तर बिघडलं कुठं? असंही म्हणून पाहिलं. पण त्याच्याही खाली एक गोष्ट आहे, आणि आता इतकं बोललोच आहे तर —

तो पक्षी आधी मी पाहिला होता.

दिगांबरनं माझं मनगट धरलं त्याच्या आधी. धुकं सरकलं त्याच क्षणी. मी पाहिला, ओळखला, छाती भरून आली माझी, लहानपणीसारखी. आणि पुढचा विचार हा आला की जोड लागेल. जोड कोणाची? शेजारी एकच माणूस उभा होता. माझ्या नियमाप्रमाणे मला दिगांबरकडे वळून म्हणावं लागलं असतं, दिगांबरराव, तुम्ही पाहिलात ना? तुम्ही सांगा ना सगळ्यांना. माझं खरेपण त्याच्या शब्दावर उभं राहिलं असतं. मी गप्प बसलो. पक्षी गेला तरी चालेल, असं ठरवून गप्प बसलो. तेवढ्यात त्यालाही तो दिसला — आणि त्यानं मात्र क्षणभरही विचार न करता मला सांगितलं. मला! सगळ्या जगात त्याला जोडीला मीच हवा होता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

खोटारडा दिगांबर मला परवडत होता. त्याच्या खोटेपणावर माझं घर बांधलेलं होतं. खऱ्या दिगांबरचं मी काय करणार होतो?

ग्रुपवर त्याचं नाव 'पिंगळासाहेब' पडलं. त्यानं ग्रुप सोडला. दुर्बीण, कॅमेरा कोणाला तरी देऊन टाकले. जाकीट मंगलानं बोहारणीला दिलं. पहाटे नदीवर जाणं थांबलं. सुनंदा एकदा म्हणाली, "दिगांबरराव किती गप्प झाले ना? आधी तुम्हालाच त्यांची बडबड खटकायची." मी म्हणालो, वय झालं. पुढं मंडळही मोडलं. मला पक्षी अजून दिसतात. मी कोणाला सांगत नाही.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही अकोल्याला गेलो होतो. माजघरात मुखवट्यांपुढं फुलोरा बांधलेला, आत बायका पुरणात, आम्ही दोघं पुढच्या ओट्यावर. तो आता आमच्या भाषेतच बोलतो, खात्याची भाषा विसरल्यासारखी झाली आहे. तुम्हाला वाटेल, आता हा माणूस मला आवडायला लागला असेल. नाही. तो पूर्वी फुगलेला आवडत नव्हता, आता दबलेला आवडत नाही. त्याचं ते हळू बोलणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो आणि मी त्याच्यावरच चिडतो.

त्या दिवशी रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "भाऊसाहेब, एक इचारू? तो चिखलदऱ्याचा पिंगळा... भासच असन ना तो?"

बघा, पुन्हा दोघंच होतो. ना बंडूभाऊ, ना मंडळ, ना नियम. एक 'नाही' म्हणायचं होतं, जे मला आयुष्यभर सगळ्यांत सोपं गेलं. नाही दिगांबरराव, भास नव्हता.

मी म्हणालो, "धुकं लय होतं."

"हौ," तो म्हणाला. "धुकं तं होतंच." त्यानं मान हलवली. बऱ्याच दिवसांचं ओझं खाली ठेवावं तसे त्याचे खांदे सैल झाले. "बरं झालं तुमी तवा खरं बोलले. दुसरा असता तं माह्या भिडेनं हो म्हणाला असता, अन् मी जन्मभर तेच धरून बसलो असतो. तुमच्यावर लय राग होता माहा. मनातून काय काय बोललो मी तुमाले... माफ करा, भाऊसाहेब."

त्यानं हात जोडले. खरोखर जोडले.

मी म्हणालो, "असू द्या, दिगांबरराव. होते असं माणसाकडून."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पक्ष्याबद्दल मी त्याला माफ केलं.